मिशिगन सरोवराकाठचे वाळूचे डोंगर

शिकागो परिसरात मुलगा, मुलगी किंवा भाऊ स्थायिक झाला आहे, अशी अनेक व्यापारी कुटुंबे आता महाराष्ट्रात आढळतात. उन्हाळ्यात वडीलधारी मंडळी दोन-तीन महिन्यांसाठी तिकडे जातात. बार्टलेट येथील जैन मंदिराचे दर्शन होते, शहरातील उत्तुंग इमारती पाहून होतात आणि मग सुटीचा पुढचा दिवस कोठे घालवावा, हा प्रश्न उभा राहतो. आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांना रुचेल आणि एका दिवसात मोटारीने जाऊन येता येईल, असे एक स्थळ जवळच आहे. ते म्हणजे शेजारच्या इंडियाना राज्यातील ‘इंडियाना ड्यून्स राष्ट्रीय उद्यान’.

मिशिगन सरोवराचे क्षेत्रफळ सुमारे ५८,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ एक पंचमांश आहे. पैलतीर दिसत नाही, लाटा उसळतात, पण पाणी मात्र गोडे. शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीस हिमनद्या मागे हटल्या, सरोवराची पातळी हळूहळू उतरत गेली आणि वाऱ्याने किनाऱ्याची वाळू उचलून दक्षिण तीरावर तिचे डोंगर रचले. सुमारे १५ मैल लांबीच्या या किनाऱ्यालगत वाळू, ओकची जंगले, गवताळ माळ आणि दलदल एकमेकांना लागून आहेत. येथे वनस्पतींच्या १,१०० हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. शिकागो विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्री कौल्स यांनी याच टेकड्यांचा अभ्यास करून १८९९ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. उघड्या वाळूवर प्रथम गवत, मग झुडपे आणि शेवटी अरण्य कसे उभे राहते, हे त्यांनी क्रमाने मांडले.

विकला गेलेला डोंगर

या किनाऱ्यावर मिशिगन सिटी गावाजवळ ‘हूझियर स्लाइड’ नावाचा सुमारे २०० फूट उंच वाळूचा डोंगर होता. लोक हौसेने त्यावर चढत आणि घसरत खाली येत. काचेच्या कारखान्यांना वाळू हवी होती. त्यांत फळे व लोणची टिकवण्याच्या बरण्यांसाठी प्रसिद्ध असलेले बॉल बंधूही होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वेच्या वाघिणी भरभरून वाळू जाऊ लागली आणि १९२० च्या दशकापर्यंत डोंगर भुईसपाट झाला. आज त्या जागी वीजनिर्मिती केंद्र आहे. त्या वाळूच्या निळसर बरण्या जुन्या वस्तूंच्या बाजारात अजून मिळतात. डोंगर मात्र कोणत्याही मोलाने परत मिळणार नाही.

उरलेला किनारा वाचवण्यासाठी पुढे आलेल्यांत एक व्यापारीच होता. बोरॅक्सच्या व्यवसायात संपत्ती मिळवलेले स्टीफन मॅदर हे पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेचे पहिले संचालक झाले. त्यांनी १९१६ मध्ये शिकागो येथे या प्रश्नावर जाहीर सुनावणी घेतली. परंतु महायुद्धात तो प्रस्ताव मागे पडला. १९२५ मध्ये इंडियाना राज्याने किनाऱ्याचा एक तुकडा राज्य उद्यान म्हणून राखला. १९५२ मध्ये डोरोथी ब्युएल यांच्या पुढाकाराने काही महिला एकत्र आल्या आणि त्यांच्या ‘सेव्ह द ड्यून्स’ संस्थेने वर्गणी जमवून जमीन विकत घेण्यास आरंभ केला. पोलाद कारखाने व बंदर हवे असणाऱ्यांशी दीर्घ संघर्ष झाला. अखेर १९६६ मध्ये तडजोड झाली: बंदरालाही मान्यता मिळाली आणि किनाऱ्यालाही संरक्षण लाभले. १५ फेब्रुवारी २०१९ रोजी त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. त्यामुळे आज एकीकडे शुभ्र वाळू आणि दुसरीकडे पोलाद कारखान्यांची धुराडी, असे दृश्य दिसते. मुलांना हा इतिहास आधी सांगून ठेवला, तर त्या धुराड्यांचा अर्थ त्यांना आपोआप कळेल.

प्रवासाची आखणी

शिकागोच्या मध्यभागापासून हे उद्यान सुमारे ५० मैलांवर आहे. वाहतूक सुरळीत असेल तर तास-सव्वा तास पुरतो. बार्टलेटकडून निघणाऱ्यांनी पावणेदोन-दोन तास धरावेत. ‘शिकागो स्कायवे’च्या मार्गावर पथकर द्यावा लागतो, आंतरराज्य महामार्ग ९४ ने गेल्यास इंडियानात तो लागत नाही. उद्यानाजवळ पोहोचल्यावर किनाऱ्याला समांतर जाणारा १२ क्रमांकाचा महामार्ग सोयीचा. मोटार नसलेल्यांना शिकागोच्या मिलेनियम स्थानकातून ‘साउथ शोर’ रेल्वेने ‘ड्यून पार्क’ स्थानकापर्यंत जाता येते.

एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. राष्ट्रीय उद्यान आणि त्याने वेढलेले राज्य उद्यान यांची व्यवस्था स्वतंत्र आहे. दोन्हींचे प्रवेशशुल्क वेगळे असून राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास राज्य उद्यानात चालत नाही. प्रचलित दर व किनाऱ्याची स्थिती निघण्यापूर्वी उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहावी.

सर्व काही एका दिवसात पाहण्याचा अट्टहास केल्यास दिवस मोटारीतच जातो. तीन ठिकाणे पुरेशी आहेत. उन्हाळ्यातील सुटीच्या दिवशी वाहनतळ लवकर भरतात, म्हणून सकाळीच ‘वेस्ट बीच’ गाठावे. तेथील सुमारे मैलभराच्या वाटेवर कौल्स यांनी सांगितलेला वाळूपासून अरण्यापर्यंतचा क्रम पाहता येतो. मात्र सुमारे अडीचशे पायऱ्या आहेत. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांसाठी ‘पोर्टेज लेकफ्रंट’ उत्तम. तेथे सपाट, पक्क्या वाटेवरून, चाकांच्या खुर्चीतूनही सरोवर पाहता येते. दुपारनंतर तरुणांनी राज्य उद्यानातील तीन उंच टेकड्या चढाव्यात. दीड मैलाच्या या वाटेत एकूण ५५२ फूट चढण आहे. त्यांतील सर्वांत उंच ‘माउंट टॉम’ १९२ फुटांची. हवा स्वच्छ असेल तर किनाऱ्यावरून पाण्यापलीकडे शिकागोच्या इमारतींची रेषा दिसते.

ऋतू, वेळ आणि शिदोरी

चातुर्मासात प्रवास टाळणाऱ्या कुटुंबांना मे-जून हा काळ सोयीचा. तेव्हा पाणी थंड असते, परंतु रानफुले फुललेली असतात आणि गर्दी कमी. जूनअखेर सूर्यास्त रात्री साडेआठच्या सुमारास होतो. त्यामुळे चौविहार पाळणाऱ्यांनाही सायंकाळचे भोजन किनाऱ्यावरच निवांत आटोपता येते. ऑक्टोबरच्या मध्यास सूर्य सव्वासहाच्या आत मावळतो; तेव्हा परतीचे गणित आधी मांडावे लागते.

वाटेत कंदमूळविरहित भोजन मिळेलच असे नाही. दशम्या, ठेपले, खाकरे, कोरडा चिवडा आणि भरपूर पाणी बरोबर असावे. काचेची भांडी नेऊ नयेत आणि कचरा परत आणावा. उरलेले अन्न पक्ष्यांना घालण्याचा मोह टाळावा. वन्य जीवांना मानवी अन्नाची सवय अपायकारक ठरते.

सावधगिरी

सरोवर शांत वाटले तरी आत ओढणारे प्रवाह निर्माण होतात. वारा उत्तरेचा असेल तर विशेष. मुलांना गुडघाभर पाण्यातही एकटे सोडू नये आणि पोहण्यासाठी जीवरक्षक असलेलाच किनारा निवडावा. हिवाळ्यात काठाशी साचलेला बर्फ जमिनीसारखा भासतो, पण आतून पोकळ असतो. जंगलवाटेवर तीन-तीन पानांच्या ‘पॉयझन आयव्ही’ला स्पर्श करू नये, आणि परतल्यावर अंगावर गोचीड नाही ना, हे तपासावे.

‘माउंट बाल्डी’ ही टेकडी वाऱ्यासरशी दरवर्षी काही फूट आत सरकते आणि वाटेतील झाडे गिळते. ती झाडे आत कुजून पोकळ्या तयार होतात. जुलै २०१३ मध्ये सहा वर्षांचा एक मुलगा अशाच पोकळीत गडप झाला. तीन तासांहून अधिक काळ वाळू उपसल्यावर तो सुदैवाने जिवंत सापडला. तेव्हापासून या टेकडीवर जाण्यास निर्बंध आहेत. ‘बंद’ची पाटी ओलांडून छायाचित्र काढण्याची हौस येथे जिवावर बेतू शकते.

वाट न सोडण्यामागे आणखी एक कारण आहे. या टेकड्या मॅरम नावाच्या गवताने धरून ठेवल्या आहेत. वाळूने कितीही झाकले तरी ते वर डोके काढते, परंतु वारंवार पायदळी तुडवले गेले की मरते. मग वारा वाळू उडवून नेतो. हूझियर स्लाइड कारखान्यांनी नेला; उरलेल्या टेकड्या हजारो पर्यटकांच्या बेफिकीर पावलांनीही झिजू शकतात. आखलेल्या वाटेवरून चालणे, पायांखालच्या जिवांची जाणीव ठेवणे आणि आठवण म्हणून मूठभर वाळूही खिशात न घालणे, एवढे पथ्य पाळले तर नातवंडांच्या नातवंडांनाही हे डोंगर पाहायला मिळतील.