काट्यावर ट्रक, पडद्यावर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’

विशेष प्रतिनिधी, कळंबोली

दक्षिण मुंबईतील लोखंडाच्या पेढ्या आणि त्यांच्यामागे येणारी अवजड वाहनांची गर्दी शहराबाहेर हलविण्यासाठी सिडकोने कळंबोलीत पोलाद बाजार वसविला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग येथूनच सुरू होतो. पत्र्याची गुंडाळी क्रेन उचलते, सळ्यांची मोळी माथाडी कामगार रचतात. परंतु भरलेला ट्रक बाहेर पडतो तो कागद हाती आल्यावरच. वजनाची पावती, बिल, ई-वे बिल हे सारे कागद आता संगणकातून निघतात. त्यामुळे ऐन घाईत पडद्यावरील खिडकी पांढुरकी पडून तिच्या माथ्यावर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ ही अक्षरे उमटली, की मागे ट्रकांची रांग लागते.

अशा वेळी दोष बहुधा संगणकाच्या वयाला दिला जातो. ‘यंत्र जुने झाले, नवे घ्या’ हा सल्ला तर ठरलेलाच. प्रत्यक्षात अनेकदा त्या क्षणी संगणक जवळजवळ रिकामाच बसलेला असतो. अडलेली असते ती आज्ञावलीची रचना.

विंडोजवरील प्रत्येक खिडकीमागे निरोपांची एक रांग असते. माऊसची टिचकी, कळफलकावरील अक्षर, ‘तुझा हा भाग पुन्हा रंगव’ ही सूचना, हे सारे निरोप त्या रांगेत उभे राहतात आणि आज्ञावलीचा मुख्य थ्रेड, म्हणजे कामाचा मुख्य धागा, ते एकेक करून उचलतो. पेढीवर गिऱ्हाइकांशी बोलणारा एकच मेहता असावा, तसा हा प्रकार. गिऱ्हाइकाने मालाची चौकशी केल्यावर मेहता स्वतःच उठून गोदामात गेला, तर तो परत येईपर्यंत गादी रिकामी. दुसरा कोणी आला तरी त्याला ‘थांबा’ म्हणायलाही कोणी नाही. खिडकी गोठते म्हणजे नेमके हेच घडते. मुख्य धाग्याने पाच सेकंद रांगेकडे पाहिलेच नाही, तर विंडोज त्या खिडकीला प्रतिसादशून्य ठरविते आणि तिच्या जागी हुबेहूब दिसणारी तोतया खिडकी उभी करते. तिला सरकविता येते, बंद करता येते. तिच्यात काम मात्र करता येत नाही.

वजनकाट्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. काट्याखालील लोड सेल भाराचे विद्युत संकेतात रूपांतर करतात, दर्शक यंत्र त्याचे आकडे बनविते आणि ते आकडे सीरियल तारेवाटे संगणकाकडे येत राहतात. तारेचा वेग सेकंदाला २,४०० बिट ठेवला असेल, तर १६ अक्षरांची एक ओळ पोहोचण्यास सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. आपल्याला हा काळ नगण्य वाटतो. आजच्या साध्या संगणकाच्या त्यात कोट्यवधी सूचना पार पडतात. शिवाय ट्रक काट्यावर चढल्यावर काही काळ डुलत असतो. आकडा स्थिरावेपर्यंत अनेक ओळी वाचाव्या लागतात. ‘वजन घ्या’ हे बटण दाबताच मुख्य धागाच तारेच्या तोंडाशी जाऊन बसला, तर तेवढा वेळ खिडकी मेल्यासारखी होते. तार सैल असेल आणि वाट पाहण्याला मुदतच घातलेली नसेल, तर ती कायमचीच गोठते.

बिलाच्या बाबतीत प्रकरण अधिक नाजूक आहे. ज्यांची वार्षिक उलाढाल ५ कोटी रुपयांपेक्षा अधिक आहे, अशा व्यापाऱ्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून नोंदणीकृत व्यावसायिकाला दिलेले बिल सरकारी नोंदणी संकेतस्थळाकडे धाडून त्यावर ६४ अक्षरांचा क्रमांक आणि क्यूआर कोड घ्यावा लागतो. हे काम पेढीतील आज्ञावलीच इंटरनेटवरून करते. जाळे मंद असले की उत्तराला वेळ लागतो, खिडकी गोठते आणि कारकून वैतागून टास्क मॅनेजरमधून आज्ञावली बंद करतो. तोपर्यंत बिल सरकारदरबारी नोंदले गेले असेल, तर पेढीच्या वहीत मात्र त्याचा क्रमांक उतरलेला नसतो. कारकून तेच बिल पुन्हा पाठवितो आणि ‘हे बिल आधीच नोंदलेले आहे’ असे उत्तर येते. क्रमांक विक्रेता, बिल क्रमांक, कागदाचा प्रकार व आर्थिक वर्ष यांवरून ठरत असल्याने दुहेरी नोंद टळते, एवढेच त्यातल्या त्यात समाधान. पेढीच्या खासगी वजनपावतीला असे कवच असेलच असे नाही. पहिल्या पाच सेकंदांत अधीरतेने मारलेली दुसरी टिचकी रांगेत टिकून राहते आणि जाग येताच आज्ञावली इमानेइतबारे दुसरी पावती छापते.

एकेकाळी स्थिती याहून बिकट होती. विंडोज ३.१ मध्ये (१९९२) एक आज्ञावली अडली की सारा संगणकच खोळंबे. कारण प्रत्येक आज्ञावलीने स्वखुशीने पाळी सोडावी, अशी व्यवस्था होती. १९९५ च्या विंडोज ९५ ने नव्या ३२ बिटी आज्ञावलींपुरती पाळी वाटण्याची सत्ता स्वतःकडे घेतली आणि गोठण्याचे लोण बहुतांशी एका खिडकीपुरते उरले.

त्या काळातील व्हिज्युअल बेसिकच्या लेखकांनी एक पळवाट रूढ केली. लांबलचक कामाच्या मध्येमध्ये ‘डू-इव्हेंट्स’ ही सूचना पेरायची, म्हणजे रांगेतील निरोप तेवढ्यापुरते निकाली निघतात. खिडकी हलती राहते खरी. पण वापरणाऱ्याने तेच बटण पुन्हा दाबले तर पहिल्या कामाच्या पोटात तेच काम दुसऱ्यांदा सुरू होते. बटण आधी निष्क्रिय न करता वापरलेली ही युक्ती रोगापेक्षा भयंकर ठरते.

खरा उपाय कामाच्या वाटणीचा आहे. मेहत्याने गादी सोडू नये, गोदामात गडी पाठवावा. वेळखाऊ काम स्वतंत्र धाग्यावर सोपवायचे आणि मुख्य धाग्याने केवळ निरोप घ्यायचे. यात एक पथ्य मात्र कडक आहे. गड्याने गादीवरील वहीला हात लावायचा नाही. खिडकीतील चौकटी आणि बटणे मुख्य धाग्यानेच बदलायची. गड्याने आपला निकाल त्याच रांगेत निरोप म्हणून टाकायचा. मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेट २.० मध्ये (२००५) यासाठी ‘बॅकग्राउंड वर्कर’ आला, जावात २००६ साली ‘स्विंग वर्कर’ आला, आणि २०१२ मधील सी-शार्पच्या ‘अवेट’ या शब्दाने तर धागा न अडविता उत्तराची वाट पाहणे सरळ वाक्यासारखे लिहिता येऊ लागले. १९९८ च्या व्हिज्युअल बेसिक ६ मधील आज्ञावली आजच्या विंडोजवरही चालतात. तेथे स्वतंत्र धागा सहज काढता येत नाही. परंतु सीरियल तारेसाठीचे ‘एमएसकॉम’ हे साधन अक्षरे आली की स्वतः वर्दी देते. तारेपाशी ताटकळण्याची गरज तेथेही नाही.

खिडकी हलती ठेवली म्हणजे भागले, असेही नाही. काम किती झाले, हे तिने खरे सांगितले पाहिजे. ४०० पैकी १२० बिले गेली असतील तर आकडा दाखवावा. शेवट ठाऊक नसेल तर खोटी टक्केवारी न देता नुसती सरकती पट्टी पुरे. मात्र लाखभर नोंदींच्या कामात प्रत्येक नोंदीला निरोप धाडला, तर त्या निरोपांनीच रांग तुंबते आणि खिडकी नव्या कारणाने गोठते. सेकंदाला दहा निरोप डोळ्याला पुरेसे होतात.

‘रद्द करा’ या बटणाचाही येथेच कस लागतो. धावता धागा मध्येच तोडला तर अर्धवट लिहिलेली नोंद मागे राहते. म्हणून थांबण्याची सूचना केवळ टिपून ठेवायची आणि गड्याने एक नोंद पुरी झाल्यावर ती पाहायची, हीच सुरक्षित रीत. बिल संकेतस्थळाकडे गेल्यानंतर दाबलेले ‘रद्द करा’ ते नुसते परत बोलावू शकत नाही. नोंदणी आधी झाली का, हे विचारूनच उत्तर द्यायला हवे. झाली असल्यास ती रद्द करण्यासाठी संकेतस्थळावर २४ तासांची मुदत आहे आणि ती वेगळी कृती आहे.

आज्ञावली विकत घेण्यापूर्वी या साऱ्याची परीक्षा पेढीवरच करता येते. विक्रेत्याने सोबत आणलेल्या नमुना माहितीवर, भरधाव इंटरनेटवर सारेच सुरळीत चालते. इंटरनेटची तार काढावी, ‘बिल पाठवा’ दाबावे आणि लगेच जुने बिल उघडून पाहावे. खिडकी नुसती सरकविता येणे हा पुरावा नव्हे, तोतया खिडकीही सरकते. जुने बिल उघडले, ‘रद्द करा’ने काम थांबले, तार पुन्हा जोडल्यावर ‘हे बिल गेलेले नाही’ असे आज्ञावलीने आपणहून सांगितले, तर सौदा करायला हरकत नाही. काट्याच्या आज्ञावलीसाठी तार दर्शक यंत्राची काढावी.