देवबागचे माड आणि त्यांचे वैरी

एका अंगास कर्लीची खाडी व दुसऱ्या अंगास समुद्र, अशा वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर देवबाग वसलें आहे. येथें एक माड मेला तर नवें रोप फळास येईपर्यंत पांचसात वर्षें जातात. आणि तेवढ्या अवधींत घरचीं निम्मीं माणसें मुंबईपुण्यास पांगतात. मग माडाकडे वर मान करून पाहावयासही कोणी उरत नाहीं.

सर्वांत परिचित वैरी म्हणजे गेंड्या भुंगा. काळाभोर, डोक्यावर शिंग असलेला हा किडा न उमललेल्या कोंबांत शिरतो व झावळ उलगडली म्हणजे ती कात्रीनें कातरल्यासारखी दिसते. पुष्कळांस वाटतें, हा कोठून तरी बाहेरून येतो. वस्तुतः त्याचें माहेर आपल्याच परसांतील गायरींत असतें! जुन्या शेणखतांत व कुजक्या ओंडक्यांत त्याच्या पांढऱ्या, वांकड्या अळ्या पोसतात. तेव्हां खत वरचेवर उपसून अळ्या कोंबड्यांपुढें टाकाव्या व मेलेला माड आवारांत कुजत ठेवूं नये. कोंबांतील भुंगा तारेच्या आंकड्यानें ओढून काढावा आणि वरच्या झावळ्यांच्या बेचक्यांत निंबाची पेंड व वाळू भरावी.

हा भुंगा 1909 सालीं सिलोनांतील रबराच्या रोपांबरोबर सामोआ बेटांत गेला व तेथील माडांचा त्यानें फडशा पाडला. पुढें 1963 सालीं ह्यूगर या शास्त्रज्ञास मलायांत या किड्याचा एक विषाणुजन्य रोग आढळला. तोच 1967 पासून सामोआंत मुद्दाम सोडण्यांत आला आणि कांट्यानें कांटा निघाला.

सोंड्या भुंगा याहून घातकी. कारण तो आंतून खोड पोखरतो. खोडांतून तांबूस रस झिरपूं लागला, चघळलेला चोथा बाहेर येऊं लागला, कीं समजावें. तो अंडीं घालतो तीं जखमेंत. यास्तव चढण्यासाठीं खोडास खांचा पाडण्याची चाल आम्हांस मुळींच पसंत नाहीं. हिरवी झावळ तोडणेंच झालें तर अडीच हात देंठ राखून तोडावी.

पावसाळ्यांत मधला कोंब पिंवळा पडून ओढतांच हातांत आला व दुर्गंधि सुटली, तर ती कोंबकूज होय. कुजका भाग निरोगी गाभ्यापर्यंत कोरून काढावा. 100 ग्रॅम मोरचूद व 100 ग्रॅम चुना प्रत्येकीं अर्धा लिटर पाण्यांत निरनिराळा कालवून मग एकत्र करावा, व तो लेप तेथें लावून नवा कोंब फुटेपर्यंत वर मडकें पालथें घालावें. मोरचूद धातूच्या भांड्यांत मात्र कालवूं नये.

कोवळ्या फळाच्या देंठाखालीं पांढरा त्रिकोणी डाग दिसूं लागला, तर ती कोळ्याची बाधा. ही केरळांत 1998 च्या सुमारास प्रथम दिसली. हा जीव डोळ्यांस दिसत नाहीं. फळ खुरटतें, सालीस भेगा पडतात. गळलेलीं फळें वेंचून जाळावीं, आणि माडाला खतपाणी कमी पडूं देऊं नये.