फंक्शन आणि एक गुंठा

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते आणि आमच्या अक्कलकोट तालुक्यात बांधावरचे बोलणे एकर-गुंठ्यात. घरात शिकलेला मीच, म्हणून हा हिशेब माझ्याकडे आला. पायथॉन ही संगणकाची भाषा (गिदो व्हॅन रॉसम या डच गृहस्थांनी ती १९९१ साली प्रसिद्ध केली) मी नुकतीच शिकू लागलो होतो. आमचे चार गट. एक आर म्हणजे एक गुंठा असे धरून तेच सूत्र मी चार वेळा उतरवले. मोठ्या गटाचे १ हेक्टर २१ आर. उत्तर आले ३ एकर १ गुंठा. वडील म्हणाले, "आपलं रान तीन एकर. ह्यो गुंठा कुठनं आणलास रं?"

बांधावरून ज्यांची भाऊबंदांशी बोलचाल बंद आहे, त्यांना एका गुंठ्याचे मोल सांगायला नको. चूक माझीच होती. गुंठा ३३ फूट लांब व तेवढाच रुंद, म्हणजे १०८९ चौरस फूट. आर १०० चौरस मीटरचा, किंचित लहान. १०० आरचे ९८.८४ गुंठे होतात. सूत्र तीन ठिकाणी बदलले, चौथे नजरेतून सुटले आणि बेरीज पुन्हा चुकली.

फंक्शन याचसाठी असते. हिशेब एकदाच लिहून त्याला नाव द्यायचे:

डेफ गुंठे(आर):
    रिटर्न आर * ९८.८४ / १००

नावे देवनागरीत चालतात. डेफ, रिटर्न आणि आकडे मात्र इंग्रजीतच टंकावे लागतात. दुसरी ओळ थोडी आत सरकवायची, नाहीतर यंत्र ऐकत नाही. पुढे कोठेही गुंठे(१२१) लिहिले की १२१ हा आकडा 'आर'च्या जागी बसतो आणि ११९.६ उत्तर मिळते. (तीन एकर म्हणजे १२१.४ आर, कागदावर १२१ लिहिले की एवढी तूट पडणारच.) गट चार असोत की चाळीस, दुरुस्ती एकाच जागी.

नवशिक्या अडखळतो तो 'रिटर्न'पाशी. मी तेथे आधी 'प्रिंट' लिहिले होते. उत्तरे पडद्यावर दिसली, पण त्यांची बेरीज करू गेलो तर यंत्र अडून बसले. प्रिंट म्हणजे कारकुनाने खिडकीतून आकडा ओरडून सांगणे. रिटर्न म्हणजे उतारा हातात देणे. हातात कागदच नसेल तर पुढच्या कचेरीत दाखवणार काय?

सध्या दुसरे फंक्शन लिहितो आहे, एकर आणि उरलेले गुंठे वेगळे सांगणारे. त्याच्या पोटातून पहिल्यालाच हाक मारली आहे.

(द्वितीय वर्ष, कला)