हॅमस्टरचा खाऊ आणि घरातले आरोग्य

संक्रांत होऊन तीन-चार दिवस झाले होते. संध्याकाळच्या गर्दीत दवाखान्यात एक आजी, त्यांची सून आणि चौथीत शिकणारी नात अशा तिघी आल्या. नातीच्या बोटाला चावा होता आणि आजींच्या हातात भोके पाडलेला पुठ्ठ्याचा डबा. ‘डॉक्टरसाहेब, पोरीचं बोट पाहा जी, अन् जमलं तं यालेही पाहा,’ असे म्हणून त्यांनी डबा टेबलावर ठेवला. आत सोनेरी रंगाचा एक हॅमस्टर अंग चोरून बसला होता. त्याचा डावा गाल सुपारीएवढा फुगलेला. मुलीच्या मामाने दिवाळीत नागपूरहून तो आणून दिला होता.

विचारपूस केल्यावर उलगडा झाला. संक्रांतीला सगळ्यांचे तोंड गोड झाले, मग यानेच काय पाप केले, म्हणून मुलीने त्याला तिळगुळाच्या लाडवाचा तुकडा दिला होता. तो चिकट गोळा गालातच अडकला. मुलीने बोट घालून काढायचा प्रयत्न केला आणि तो चावला. बोट धुऊन मी तिला धनुर्वाताची सुई दिली. मी माणसांचा डॉक्टर, त्यामुळे त्या जिवाला पशुवैद्यकांकडे पाठवले. त्यांनी दुसऱ्या दिवशी गोळा काढला आणि तो वाचला. पण मला खरी काळजी वाटली ती या दोघांची नव्हे. मुलीची आई पाच महिन्यांची गरोदर होती आणि पिंजरा रोज तीच साफ करीत असे. त्याविषयी पुढे सांगतो. आधी खाऊचे पाहू. कारण हौसेचे हे प्राणी आता आपल्या अर्जुनी मोरगावसारख्या गावांतही येऊ लागले आहेत आणि त्यांच्याविषयीची माहिती मात्र मागे राहिली आहे.

हा पाहुणा आहे तरी कोण?

हॅमस्टर हा उंदराच्याच गणातला, कुरतडणारा प्राणी. घरोघरी दिसणारा सोनेरी हॅमस्टर मूळचा सीरियाचा. वॉटरहाऊस या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३९ मध्ये त्याचे वर्णन केले. १९३० मध्ये इस्रायल आहारोनी या प्राणिशास्त्रज्ञाने अलेप्पो शहराजवळच्या शेतातून एक मादी आणि तिची पिल्ले पकडून जेरुसलेमला नेली. आज जगभर पाळले जाणारे बहुतेक सोनेरी हॅमस्टर त्याच कुटुंबाचे वंशज होत. म्हणजे हा प्राणी कोरड्या मुलखातला, रात्री हिंडून धान्य, बिया आणि अधूनमधून किडे खाणारा. गोडधोड, तळलेले, खारवलेले त्याच्या शरीराला ठाऊकच नाही.

त्याच्या दोन्ही गालांत खांद्यापर्यंत जाणाऱ्या पिशव्या असतात. मिळेल ते धान्य त्यात भरून बिळात नेऊन साठवायचे ही त्याची रीत. त्यामुळे खाऊ टाकल्याबरोबर दिसेनासा झाला म्हणजे तो संपला असे समजू नये. गूळ, चिक्की, खव्याची मिठाई, ओला भात हे पिशवीत चिकटून बसते, कुजते आणि तेथे जखम होते. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून त्याला कुरतडायला कडक वस्तू लागते.

खाऊ किती?

सोनेरी हॅमस्टरचे वजन साधारण १०० ते १५० ग्रॅम आणि त्याचा दिवसाचा आहार १० ते १२ ग्रॅम, म्हणजे दोन-तीन चमचे. यातला मुख्य भाग त्याच्यासाठीच मिळणाऱ्या तयार गोळ्यांचा असावा. खाऊ दहाव्या हिश्शापेक्षा अधिक नको. म्हणजे दिवसाला जेमतेम एक ग्रॅम, भुईमुगाच्या दोन दाण्यांइतका. आता हिशेब करा. तीस ग्रॅमच्या लाडवाचा चौथा हिस्सा साडेसात ग्रॅम होतो. आपल्याला चिमूटभर वाटणारा तुकडा त्याच्या दिवसभराच्या आहाराच्या निम्म्याहून जास्त आहे! लहान जातीचे, ३०-५० ग्रॅमचे हॅमस्टर असतील तर खाऊ याच्या निम्म्याहून कमी द्यावा. या लहान जातींपैकी काहींना माणसासारखाच मधुमेह होतो. त्यांना गूळ, साखर, मध तर नाहीच, पण गोड फळेही देऊ नयेत.

घरी करता येणारे तीन प्रकार

पहिला प्रकार, ज्वारी-भोपळ्याच्या टिकल्या. दोन चमचे ज्वारीचे पीठ आणि एक चमचा उकडून कुस्करलेला लाल भोपळा किंवा गाजर घ्यावे. मीठ, साखर, तेल, सोडा काहीही घालू नये. घट्ट मळून तुरीच्या दाण्याएवढ्या चपट्या टिकल्या कराव्या आणि कोरड्या तव्यावर मंद आचेवर पूर्ण कडक होईपर्यंत भाजाव्या. आत ओलसर राहिली तर ती चिकटते आणि तिला बुरशीही धरते. गार झाल्यावर कोरड्या डब्यात ठेवून चार-पाच दिवसांत संपवाव्या. दिवसाआड एक टिकली पुरे.

दुसरा प्रकार, धान्याची चिमूट. बाजरी, ज्वारी, बिनमिठाचे मुरमुरे आणि भोपळ्याच्या वाळवलेल्या दोन बिया. हे ताटलीत देण्यापेक्षा पिंजऱ्यातल्या भुशात विखरून टाकावे. शोधण्यात त्याचा व्यायाम होतो. सूर्यफुलाच्या बिया त्याला फार आवडतात, पण त्यात तेल पुष्कळ. आठवड्यातून दोन-तीन बियांवर जाऊ नये.

तिसरा प्रकार, ताजा घास. काकडी किंवा गाजराचा नखाएवढा तुकडा, अथवा कोथिंबिरीची एक काडी, स्वच्छ धुऊन आणि पुसून. आठवड्यातून एकदा उकडलेल्या अंड्याचा हरभऱ्याएवढा पांढरा भागही चालतो. ओला खाऊ उरला तर दोन-तीन तासांत काढून टाकावा. ज्या हॅमस्टरला पातळ शौच होत असेल त्याला ओले काहीच देऊ नये. शेपटीकडचा भाग ओला दिसणे हे त्याच्यासाठी, विशेषतः पिल्लांसाठी, जिवावरचे दुखणे असते. त्याच दिवशी पशुवैद्यकांना दाखवावे.

कुरतडण्यासाठी, औषध न फवारलेल्या पेरूच्या झाडाची वाळलेली डहाळी धुऊन द्यावी. पाणी मात्र रोज ताजे हवे.

काय देऊ नये?

कांदा, लसूण, चॉकलेट, संत्री-लिंबू, कच्चा बटाटा, कच्च्या शेंगांचे दाणे, सफरचंदाच्या बिया, लोणचे, चिवडा आणि फरसाण पूर्ण वर्ज्य. आपल्या भागापुरत्या आणखी दोन गोष्टी सांगतो. एक म्हणजे लाखोळी. धानाच्या बांधीत निघणारी ही डाळ महिनोन् महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर माणसाचे पाय कायमचे लुळे पडतात हे वैद्यकाला जुने ठाऊक आहे. एवढ्याशा जिवावर तिचा प्रयोग करू नये. दुसरी म्हणजे पावसाळ्यात दमट झालेले भुईमुगाचे दाणे आणि मका. त्यांवरील बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते आणि ते यकृतावर घाला घालते. ‘आपल्याला नको, त्याला टाकून दे’ असे म्हणू नये. खवट दाणा घरात कोणाच्याच पोटात जाऊ नये.

ऋतूही सांभाळावा. मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली पिंजरा ठेवला तर उष्माघाताने प्राणी काही तासांत दगावतो. उलट डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा तो थंडीने निपचित पडू शकतो. मेला समजून फेकू नये. कापडात घेऊन हाताच्या उबेने हळूहळू गरम करावे.

आता माणसांविषयी

हॅमस्टर दिसायला निरोगी असला तरी त्याच्या विष्ठेत साल्मोनेला जंतू असू शकतात. अमेरिकेत २००३-०४ मध्ये दुकानांतून घेतलेल्या हॅमस्टर व पाळीव उंदरांमुळे मुलांना असा अतिसार झाल्याची नोंद आहे. म्हणून त्याला हात लावल्यावर, खाऊ दिल्यावर आणि पिंजरा साफ केल्यावर साबणाने नीट हात धुवावे. पिंजरा व त्याची भांडी स्वयंपाकाच्या ओट्यावर धुऊ नयेत. त्याचा मुका घेऊ नये. पाच वर्षांखालील मुलांच्या हाती तो देऊच नये.

गरोदर स्त्रीची गोष्ट वेगळी. लिम्फोसायटिक कोरिओमेनिन्जायटिस नावाचा एक विषाणू मुख्यतः घरातल्या लहान उंदरांत असतो. त्यांच्या संपर्काने तो हॅमस्टरलाही लागू शकतो आणि लघवी, विष्ठा, लाळ यांतून माणसाकडे येऊ शकतो. धडधाकट माणसाला तापावर निभावते, पण गरोदरपणात गर्भपात होऊ शकतो किंवा बाळाच्या मेंदूला व डोळ्यांना कायमची इजा होऊ शकते. हा प्रकार विरळा आहे, घाबरण्याचे कारण नाही. मात्र टाळता येण्यासारखा धोका पत्करू नये. म्हणून त्या सुनेला मी स्पष्ट सांगितले की पिंजऱ्याला हात लावायचा नाही आणि बाळंतपणापर्यंत हॅमस्टर दुसऱ्या घरी ठेवायचा. मुलगी रडली. पण आजी म्हणाल्या, ‘मावशीच्या घरी तं जाते, काही जंगलात नाही जात.’

आणखी एक. पिंजऱ्याभोवती सांडलेले दाणे घरातल्या उंदरांना बोलावतात आणि उंदरांच्या मागे साप येतो. धानाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना हे सांगायला नको. रात्री खाऊचा डबा घट्ट बंद करून जागा झाडून घ्यावी.

हॅमस्टर चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तंबाखू भरू नये. या प्राण्यांपासून रेबीज होण्याची शक्यता अत्यंत कमी, पण धनुर्वाताची लस आणि जंतुसंसर्ग यांसाठी डॉक्टरांना दाखवावे. कुत्रे किंवा मांजर चावल्यास मात्र रेबीजची लस त्वरित घ्यावी. तेथे हयगय नको.

त्या घरी मे महिन्यात बाळ आणि बाळंतीण दोघेही सुखरूप घरी आले. हॅमस्टर अजून मावशीकडेच आहे. मुलगी दर रविवारी तीन टिकल्या कागदाच्या पुडीत घेऊन जाते आणि परतल्यावर सांगण्याआधी हात धुते. आजोबांना मधुमेह आहे. त्यांच्या ताटातला लाडूही आता तीच मोजते, असे आजी परवा तक्रारीच्या सुरात सांगत होत्या. मी त्यांना म्हटले, आजी, या बाबतीत तुम्ही नातीचेच ऐका.