शर्ट घेताना काय वाचावे?

आम्ही सोलापूरकर. आमचे गाव कापडाचे. १८७७ साली येथे पहिली गिरणी निघाली. ती केव्हाच बंद पडली. पण शर्ट आणि शाळेचे गणवेश अजून इथे शिवतात. त्यावर कितीतरी घरांची चूल पेटते.

१९०५ साली पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली. तेव्हा लोक विचारू लागले, "हे कापड कुठले?" तोच प्रश्न आपण आजही विचारावा. मात्र नुसत्या नावावरून उत्तर मिळत नाही. 'पीटर इंग्लंड' हे नाव विलायती. पण भारतात तो शर्ट आदित्य बिर्ला समूहाची कंपनी विकते. उलट, सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. दुसरीकडच्या मालाला ते नाव लावायचे नाही. तरी लावतात.

दुकानात कापड चिमटीत धरून बघता येते. मोबाइलवर नुसते चित्र असते. तिथे वाचूनच घ्यायचे. काय काय वाचायचे?

विकणारा कोण, त्याचा पत्ता काय?
माल कोणत्या देशात बनला?
सूत किती, पॉलिस्टर किती?
छातीचे माप इंचात की सेंटिमीटरमध्ये?
माल परत घेतात का? किती दिवसांत?

विकणाऱ्याचे नाव-पत्ता आणि मालाचा देश दाखवलाच पाहिजे, असा २०२० सालचा सरकारी नियम आहे. पावती जपून ठेवावी. फसवणूक झाली तर १९१५ या नंबरावर ग्राहक हेल्पलाइनला फोन करावा.

मोठ्या नावाला भुलू नये. आधी वाचावे, मग पैसे द्यावे. वाचणाऱ्याला ठकवणे सोपे नसते.