असेंब्ली भाषेतील गुप्तलेखन आणि देवनागरीची साक्ष

किल्लीवाचून संदेश वाचता येऊ नये अशा रीतीने त्याचे रूपांतर करणे म्हणजे गुप्तलेखन. संगणकाला सुलभ असे त्याचे साधन म्हणजे ‘एक्सॉर’ ही क्रिया होय. दोन द्विमान अंक समान असल्यास तिचे फळ ० येते, भिन्न असल्यास १ येते. एकाच किल्लीने ती दोनदा केली असता मूळ संख्या परत मिळते. त्यामुळे संदेश झाकण्यास व उघडण्यास एकच आज्ञावली पुरते. गिल्बर्ट व्हर्नम याने अमेरिकेत १९१७ साली दूरमुद्रकासाठी योजिलेल्या पद्धतीचे मर्म हेच होते.

इंटेलच्या ८०८६ (१९७८) या प्रक्रियकाच्या असेंब्ली भाषेत ही आज्ञावली अशी रचता येते. ‘एसआय’ या रजिस्टरात संदेशाच्या पहिल्या बाइटचा पत्ता, ‘सीएक्स’मध्ये बाइटांची संख्या आणि ‘बीएल’मध्ये किल्ली ठेवावयाची. मग पाच आज्ञा: ‘मूव्ह’ने बाइट ‘एएल’मध्ये आणणे, ‘एक्सॉर’ने तिचा किल्लीशी संयोग करणे, दुसऱ्या ‘मूव्ह’ने फळ त्याच जागी ठेवणे, ‘इन्क’ने पत्ता एकाने वाढविणे आणि ‘लूप’ने आवर्तन चालू ठेवणे. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘लूप’ आधी ‘सीएक्स’मधून १ वजा करते व नंतर शून्याची परीक्षा करते. संदेश रिकामा असेल, तर आवर्तन ६५,५३६ वेळा होऊन संदेशाबाहेरील स्मृतीही बिघडते. म्हणून आरंभीच ‘जेसीएक्सझेड’ ही आज्ञा घालून शून्याची वाट वेगळी करावी.

आज्ञावली निर्दोष झाली, तरी गुप्तता सिद्ध झाली असे नव्हे. यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. पैकी पहिली बाइट सदैव २२४ आणि दुसरी १६४ किंवा १६५ असते. ‘क’ म्हणजे २२४, १६४, १४९. किल्ली ९० असता त्याचे १८६, २५४, २०७ असे रूपांतर होते. परंतु शब्दातील दर तिसऱ्या स्थानी १८६ हीच संख्या येत राहते. मजकूर देवनागरी आहे एवढे ठाऊक असणाऱ्याने १८६ व २२४ यांचा एक्सॉर केला की ९० ही किल्ली हाती येते. त्यासाठी मराठीचे एक अक्षरही कळावे लागत नाही.

किल्ली अनेक बाइटांची करून ती पुनःपुन्हा वापरली, तरी दोष मावळत नाही. तिची लांबी ओळखता आली की प्रत्येक स्थानाचा असाच स्वतंत्र विचार करता येतो. भाषेत व तिच्या लेखनात पुनरावृत्ती असते आणि ठराविक किल्ली तिला पुसू शकत नाही. किल्ली खरोखर यादृच्छिक, संदेशाइतकी लांब व एकदाच वापरलेली असेल, तर मात्र पूर्ण गुप्तता साधते, हे क्लॉड शॅनन याने १९४९ साली गणिताने सिद्ध केले. तेव्हाही वरील पाच आज्ञांपैकी ‘एक्सॉर’ तसाच राहतो. दर आवर्तनाला नवी किल्ली आणण्याची तेवढी भर पडते. तात्पर्य, गुप्तलेखनाचे बळ आज्ञावलीत नसून किल्लीच्या निवडीत असते.