पंचाहत्तरची तुकडी आणि हजेरीपटावरील उरलेली नावे

मार्च १९७५ मध्ये महाराष्ट्रात शालान्त परीक्षेला एकाच वेळी दोन तुकड्या बसल्या. जुन्या अकरावीची ती शेवटची तुकडी होती आणि १०+२+३ या नव्या आकृतिबंधातील दहावीची ती पहिली. पलूसच्या शाळेतील आम्ही विद्यार्थी त्या पहिल्या दहावीचे. २०२५ मध्ये त्या घटनेला ५० वर्षे पूर्ण झाली आणि त्या निमित्ताने आमच्या वर्गाचा स्नेहमेळावा पार पडला. असे मेळावे आता गावोगावी होतात. फेटे, गुरुजनांचा सत्कार, स्मृतिचिन्हे आणि पंगत हा त्यांचा ठरलेला क्रम आहे. त्याचे वर्णन करण्यापेक्षा त्यातून पुढे आलेला एक प्रश्न वाचकांसमोर ठेवावासा वाटतो.

आम्ही आठवीत गेलो ते जून १९७२ मध्ये. तो दुष्काळाचा काळ होता. विहिरी आटल्या होत्या, घरोघरी लाल मिलोची भाकरी होती आणि दुष्काळी कामांवर मोठ्या माणसांबरोबर आमच्या वयाची मुलेही खडी फोडत होती. व्यापारी घरांतून उपासमार नव्हती. पण उधारीच्या वह्या भरत होत्या आणि वसुली थांबली होती. अशा वेळी दुकानातील नोकर कमी करून घरचाच मुलगा गल्ल्यावर बसविणे हा सोपा उपाय असे. पुढे दहावी झाली आणि जूनअखेर देशात आणीबाणी लागू झाली. वर्तमानपत्रांवर नियंत्रण आले याचा अर्थ समजण्याचे आमचे वय नव्हते. सांगलीच्या वाणिज्य महाविद्यालयात प्रवेश मिळेल की नाही, एवढीच चिंता होती.

आमचा परिसर विद्येला पारखा नव्हता. पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांच्या आडनावात आमचे गाव आहे. गावापासून काही किलोमीटरवर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये माळरानावर कारखाना उभा केला. त्याच किर्लोस्करवाडीतून १९३० मध्ये ‘स्त्री’ मासिक निघाले आणि ते महाराष्ट्रभर वाचले गेले. तरीही ४०-४५ वर्षांनंतर आमच्या वर्गातील मुली नववीतून एकेक करून कमी होत गेल्या.

मेळाव्याच्या तयारीत ही गोष्ट ठळकपणे दिसली. निमंत्रणाची यादी दहावी उत्तीर्ण झालेल्यांवरून तयार झाली होती. आमच्यापैकी एकाने शाळेतून आठवीचा हजेरीपट पाहून आणला, तेव्हा त्यातील निम्म्याच्या आसपास नावे आमच्या यादीत नव्हती. काही जण दिवंगत होते. उरलेल्यांची शाळा मध्येच सुटली होती किंवा ते नापास होऊन पुन्हा परीक्षेला बसले नव्हते. त्यांना बोलवावे की नाही, यावर बरीच चर्चा झाली. ‘त्यांनाच संकोच वाटेल’ असे काहींचे म्हणणे होते. शेवटी सर्वांना फोन करावयाचे ठरले.

आमच्या वर्गात गणितात पहिली येणारी मुलगी एका व्यापारी घरातील होती. नववीनंतर तिचा विवाह झाला. मी त्यांना फोन केला, तेव्हा त्यांनी विचारले, “मी परीक्षेला बसले नव्हते. आले तर चालेल ना?” शाळेत मुले-मुली एकमेकांशी बोलतच नसत, त्यामुळे पासष्टीतही आमचे संभाषण ‘अहो-जाहो’नेच झाले. मेळाव्यात प्रत्येकाने आपला परिचय करून दिला. त्या म्हणाल्या, “तीस वर्षे आमच्या पेढीची खतावणी मी लिहिली. ताळेबंद माझा, सही यांची.” सभेत हशा पिकला, त्या मात्र हसल्या नाहीत.

शिल्लक रकमेतून शाळेला कमान बांधून द्यावी, असा ठराव पुढे येताच त्या पुन्हा बोलल्या. त्यांच्या दुकानात काम करणारी एक मुलगी सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी झाली होती. शाळा सुटलेल्यांना या मार्गाने खासगीरीत्या परीक्षेला बसता येते, हे आमच्यातील अनेकांना ठाऊकच नव्हते. “कमानीखालून जे गेलेच नाहीत, त्यांच्यासाठी हे पैसे ठेवा,” असे त्यांनी सुचविले.

बँकेतील सवयीने मी हिशेब मांडला. १ लाख रुपयांच्या मुदत ठेवीवर साडेसहा टक्के दराने वर्षाला ६,५०० रुपये व्याज मिळते. मुद्दल कायम ठेवून त्यातून एक-दोन विद्यार्थ्यांचे परीक्षा शुल्क व पुस्तके भागू शकतात. कमानीला मात्र दरवर्षी रंग द्यावा लागतो! ठराव बदलला गेला.

आपल्या समाजाला हा विचार नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटील हे किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरले आणि १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वसतिगृहातील मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडले. त्यांच्यापुढे आमची ठेव किरकोळ आहे. परंतु अनेक वाचकांच्या दुकानांत आजही पंधरा-सोळा वर्षांची, शाळा सुटलेली मुले-मुली पुड्या बांधताना दिसतात. त्यांना दिवसाचे दोन तास आणि सतरा नंबरचा एक फॉर्म देणे कोणत्याही पेढीला जड नाही.

आणि आपल्या वर्गाचा मेळावा ठरवीत असाल, तर उत्तीर्णांची यादी बाजूला ठेवून प्रथम आठवीचा हजेरीपट मागवावा.